ओढा, ढकलू नका!

कॉलेजच्या लायब्ररीच्या काचेच्या दारावर ठळक अक्षरांत 'ओढा' असं लिहिलेलं असतं. तरी आपण हमखास ते दार ढकलतो. आतले चार जण मान वर करून बघतात आणि मग आपण ओशाळून ओढतो. आज ज्या हत्याराची ओळख करून द्यायचीय, त्याच्याशी तुमची पहिली भेट अगदी अशीच होणार आहे.

हत्याराचं नाव जपानी करवत. जपानी भाषेत तिला 'नोकोगिरी' म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात साधारणपणे मिळणारी करवत पुढे ढकलताना कापते. ही मात्र ओढताना कापते आणि पुढे जाताना नुसती मोकळी सरकते.

'दिशा बदलली, एवढंच ना?' असं तुम्हाला वाटेल. पण या एका बदलामुळे पात्याची जाडी बदलते, लागणारा जोर बदलतो, बसायची पद्धत बदलते. तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सुतारकाम होऊ शकेल की नाही, तेही त्यावरच ठरतं. ना ड्रिल मशीनचा आवाज, ना वायरी, ना खोलीभर उडणारी धूळ. आवाज येतो तो 'सर्र सर्र' एवढाच. शेजारचा रूममेट दुपारची झोप काढत असेल, तरी चालेल.

आणि सुतारकाम करायचंच कशाला? कारण तुम्ही ऑनलाइन मागवलेला पार्टिकल बोर्डचा रॅक एका पावसाळ्यात फुगतो. स्क्रूची भोकं ढिली होतात आणि रॅक एका बाजूला झुकतो. मग आपण त्याच्याखाली वही घालतो. ती वही काढून टाकायची असेल, तर पुढे वाचा.

कागदाच्या पट्टीचा प्रयोग

वहीतून बोटभर रुंदीची कागदाची पट्टी कापा. एक टोक टेबलावर टेकवा आणि दुसऱ्या टोकाने पुढे ढकला. काय झालं? पट्टी मध्येच वाकली. आता तीच पट्टी दोन्ही हातांत धरून ताणा. एकदम सरळ! इंजिनीअरिंगवाल्यांनो, 'बकलिंग' आठवलं का? ज्या प्रकरणाला आपण परीक्षेच्या आदल्या रात्री हात लावला होता, ते हेच.

ढकलायच्या करवतीचं पातं वाकू नये म्हणून ते जाड ठेवावं लागतं. ओढायच्या करवतीचं पातं कापताना आपोआप ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. असे तीन कागद एकावर एक ठेवा. बारीक कामाच्या जपानी करवतीचं पातं इतकं पातळ असू शकतं. सर्वसाधारण कामाच्या जपानी करवतीचं पातं पाच कागदांच्या आसपास. आपल्या नेहमीच्या मोठ्या करवतीला मात्र आठ-दहा कागद मोजावे लागतात.

पातं पातळ, म्हणजे काप अरुंद. काप अरुंद, म्हणजे लाकडाचा भुसा कमी. आणि भुसा कमी, म्हणजे तुमच्या दंडाला काम कमी. व्यायामशाळेत कधी पाऊल न टाकलेल्या मुलामुलींनाही ही करवत जमते, त्याचं कारण हे साधं गणित आहे.

मिकी नावाचं गाव

जपानच्या ह्योगो प्रांतात मिकी नावाचं शहर आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी, १५७८ ते १५८० या काळात, तिथल्या किल्ल्याला तोयोतोमी हिदेयोशी याने वेढा घातला होता. लढाईत गाव उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा उभं करायला सुतार आले, सुतारांना हत्यारं लागली म्हणून लोहार आले, आणि हत्यारांचा धंदा तिथे कायमचा रुजला, असं सांगतात. आजही जपानी करवतींच्या पाकिटांवर मिकीचं नाव दिसतं. १९९६ मध्ये तिथल्या करवती, पटाश्या, रंधे यांच्या घडणीला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. जवळच्याच कोबे शहरात तर सुतारांच्या हत्यारांचं अख्खं संग्रहालय आहे. १९८४ मध्ये सुरू झालेलं 'ताकेनाका' संग्रहालय ते हेच.

या करवती घडल्या त्या तिथल्या लाकडाला साजेशा. 'सुगी' आणि 'हिनोकी' ही जपानची घरबांधणीची मुख्य लाकडं. दोन्ही सरळ रेषांची आणि मऊ. मऊ लाकडासाठी दाते लांब, टोकदार आणि नाजूक ठेवले तरी भागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे माझी फजिती सांगणार आहे, तेव्हा उपयोगी पडेल.

चार बहिणी

दुकानात किंवा ऑनलाइन शोधलंत, तर चार नावं पुन्हा पुन्हा दिसतील.

रियोबा : 'रियोबा' म्हणजे दोन्हीकडे धार. पात्याच्या एका काठाला बारीक दाते, दुसऱ्या काठाला मोठे. बारीक दाते लाकूड आडवं कापायला, म्हणजे रेषा तोडून. मोठे दाते लाकूड उभं चिरायला, म्हणजे रेषांच्या दिशेने. आडवं कापणारा दाता छोट्या सुरीसारखा असतो. उभा चिरणारा दाता छोट्या पटाशीसारखा. जपानमध्ये ही करवत मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या दरम्यान, सगळीकडे पसरली. एकच करवत घ्यायची असेल, तर हीच घ्या.

दोझुकी : पात्याच्या पाठीवर धातूची कणा-पट्टी. पातं सगळ्यांत पातळ, दाते सगळ्यांत बारीक. एका इंचात वीस-पंचवीस दाते सहज. सांधे कापायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण कण्यामुळे ती ठरावीक खोलीपर्यंतच जाते.

काताबा : एकाच काठाला दाते आणि पाठीवर कणा नाही. त्यामुळे खोल काप घेता येतो.

कुगिहिकी : लवचीक पात्याची. इतर करवतींचे दाते डावी-उजवीकडे किंचित फाकवलेले असतात, हिचे नसतात. त्यामुळे ती फळीवर आडवी टेकवून वर आलेली लाकडी खुंटी सपाट कापता येते आणि फळीवर ओरखडा उठत नाही.

सुरुवातीला १५० ते २४० मिलिमीटर पात्याची छोटी रियोबा पुरते. ब्रँडेड स्नीकर्सच्या जोडीपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.

विळी आठवा

आता प्रश्न बसण्याचा. पाश्चात्त्य पद्धतीच्या सुतारकामाला उंच, जड टेबल आणि त्याला जोडलेला शिकंजा लागतो. आपल्या खोलीत कुठून आणणार? गंमत म्हणजे जपानी सुतारांनीही तसं टेबल फारसं वापरलं नाही. ते बसकं काम करत आले. 'उमा' म्हणजे 'घोडा'. या नावाचे छोटे लाकडी ओटे ठेवायचे, त्यावर लाकूड आडवं टाकायचं आणि पायाने दाबून धरायचं. करवत आपल्या दिशेने ओढायची असल्यामुळे ही बैठक सोयीची पडते.

हे ऐकताना परकं वाटत नाही, कारण आपले जुने सुतारही जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबूनच काम करायचे. आणि आजीची विळी? पाटावर एक पाय, बैठक जमिनीवर, दोन्ही हात मोकळे. शरीराचं वजन हाच शिकंजा!

तुम्हीही तेच करा. दोन फूट लांब फळी घ्या. तिच्या एका टोकाजवळ एक जाडसर पट्टी आडवी स्क्रूने बसवा. फळी बसक्या स्टुलावर ठेवा, पट्टीचं टोक तुमच्याकडे, आणि फळीवर एक पाय किंवा गुडघा. कापायचं लाकूड पट्टीच्या पलीकडे टेकवा. करवत ओढली की लाकूड पट्टीवर दाबलं जातं आणि हलत नाही. स्टडी टेबलवरच करायचं असेल, तर एखादा सी-क्लँप लावून लाकूड घट्ट बसवा. फक्त हॉस्टेलचं टेबल कापू नका. डिपॉझिट जातं.

पहिला काप

पेन्सिलने रेघ मारा. एकाच बाजूला नाही, गुण्या लावून चारही बाजूंनी. मग त्या रेघेवरून कटरने हलकी चीर पाडा. करवतीला ती चीर वाट दाखवते आणि कडेच्या लाकडाचे तुसे निघत नाहीत.

रेघेवर कापायचं नाही. रेघेला लागून, टाकून द्यायच्या तुकड्याच्या बाजूने कापायचं. नाहीतर दोन्ही पट्ट्या मोजून सारख्या काढल्या, तरी एक आखूड भरते.

मूठ शेवटच्या टोकाकडे धरा आणि हलकी धरा, अंडं धरल्यासारखी. मुठीजवळचे दाते लाकडाच्या कोपऱ्यावर टेकवा. डाव्या अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून आधार द्या, पण अंगठा दात्यांपासून वर ठेवा. आता छोटे छोटे तीन-चार ओढे घ्या. खाच पडली की अंगठा काढा आणि पात्याची पूर्ण लांबी वापरा.

डोकं पात्याच्या बरोबर वर. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. एकच बाजू दिसत असेल, तर काप तिरका चाललाय असं समजा. ओढताना भुसा तुमच्याकडेच येतो आणि रेघ झाकतो. तो ब्रशने झटका, फुंकलात तर डोळ्यांत जाईल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : जोर लावू नका. हे वाचून तुम्ही 'हो हो' म्हणाल आणि तरी लावाल. सगळेच लावतात. ओढताना करवतीचं वजन पुरतं. पुढे नेताना तर बिलकूल दाबायचं नाही. काप शेवटाला आला की वेग कमी करा आणि लोंबणारा तुकडा हाताने धरा. तो आपल्या वजनाने तुटला, तर कडेचं लाकूड सोलून घेऊन जातो.

पहिल्या दिवशी काही बनवू नका. एका पट्टीचे बिस्किटाएवढे दहा काप काढा. पहिला आणि दहावा शेजारी ठेवा. फरक तुम्हालाच दिसेल, दुसऱ्या कुणाच्या लाइकची गरज पडणार नाही.

पहिली वस्तू : मोबाइल स्टँड

लाकूड कुठून आणायचं? जवळच्या वखारीत किंवा फर्निचरचं काम चालू असलेल्या ठिकाणी विचारा. उरलेले तुकडे बहुतेक जण हसत देतात. पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन सुरुवातीला सगळ्यांत चांगलं. आयात मालाच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर शिक्का असतो, तो बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया केलेलं, ते घरात आणू नका.

दोन इंच जाड, तीन इंच रुंद असा तुकडा घ्या आणि तो चार इंच लांबीवर कापा. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने असू द्या. समोरच्या टोकापासून दीड इंचावर, रुंदीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन समांतर रेघा मारा. त्यांच्यामधलं अंतर तुमच्या मोबाइलच्या कव्हरसकट जाडीपेक्षा किंचित जास्त. दोन्ही बाजूंच्या उभ्या अंगांवर याच रेघा समोरच्या बाजूला थोड्या झुकवून खाली न्या. खोली पाऊण इंच. मोबाइल मागे रेलून बसणार तो या झुकावामुळे.

आता रियोबाच्या बारीक दात्यांनी दोन्ही रेघा कापा. पाऊण इंचाच्या खुणेला थांबा. एकदा एका बाजूला वाकून बघायचं, एकदा दुसऱ्या. मधलं लाकूड पटाशीने काढा, अर्धं या बाजूने, अर्धं त्या बाजूने. एकाच बाजूने आरपार ठोकलंत, तर पलीकडची कड फुटेल. शेवटी पॉलिश पेपर फिरवा, आधी जाडा, मग बारीक. थोडं मेण चोळा. झालं.

खाचेची एक भिंत वाकडी येईल. येऊ द्या. रोज त्यावर मोबाइल ठेवताना ती वाकडी भिंत तुम्हाला दिसेल आणि दुसरा स्टँड सरळ होईल.

माझे तीन दाते

आता ती फजिती. घरात आजोबांच्या काळचा सागवानी पलंग मोडीत निघाला होता. त्याच्या पायापासून पेनस्टँड करावा, अशी भावुक कल्पना डोक्यात आली. नवी कोरी करवत, पहिलाच आठवडा. निम्म्यापर्यंत छान गेली आणि मग अडकली. मी काय केलं असेल? जोर लावला. पात्याला पीळ दिला. 'टक्' असा आवाज आला. आत जुना खिळा होता. तीन दाते गेले आणि पात्याला बाक आला.

चूक माझीच होती आणि ती खिळ्याची नव्हती. करवत अडकली तेव्हा ती मला काहीतरी सांगत होती, आणि मी ऐकायच्या ऐवजी दटावत होतो. जुनं लाकूड घेतलंत, तर आधी चुंबक फिरवून बघा. शिसव, बाभूळ अशा कठीण लाकडाला आणि गाठींना मऊ लाकडासाठी केलेल्या करवतीने हात लावू नका. कठीण लाकडासाठी वेगळ्या दात्यांची पाती मिळतात. सागवान कापता येतं, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार लवकर खातो. प्लाय आणि एमडीएफमधला डिंकही तेच करतो.

नंतर आमच्या बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम करायला आलेल्या सुतारकाकांना ते पातं दाखवलं. त्यांनी अंगठा हळूच दात्यांवरून फिरवला, पातं डोळ्यांसमोर धरून बाक बघितला आणि कानस आहे का विचारलं. कानस फिरवली, तर ती दात्यांवरून नुसती घसरली. ते चकितच झाले.

धारेची गोष्ट

कानस घसरायचं कारण असं. आज मिळणाऱ्या बहुतेक जपानी करवतींचे दाते कारखान्यात क्षणभर प्रचंड तापवून कडक केलेले असतात. नीट बघितलंत तर दात्यांची टोकं काळपट-निळसर दिसतात. ते खूप दिवस धारदार राहतात, पण त्यांना पुन्हा धार लावता येत नाही. पातं बोथट झालं की मुठीतून काढायचं आणि नवं बसवायचं.

जपानमध्ये करवतीच्या दात्यांना धार लावणं हा स्वतंत्र व्यवसाय होता, त्याला 'मेताते' म्हणतात. एकेक दाता कानशीने घासायचा, सुताराच्या हाताप्रमाणे आणि लाकडाप्रमाणे. बदलायची पाती आली आणि या कारागिरांचं काम आटत गेलं. आपल्या गल्लीत सायकलचं चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे काका शेवटचे कधी दिसले होते, आठवतंय?

म्हणजे आपल्याला परवडणारी, सोपी करवत मिळाली ती कुणाचं तरी कसब मोडीत काढून. यावर उपाय म्हणून करवत घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण पातं 'वापरा आणि फेका' या भावात वापरू नका. काम झालं की भुसा झटका, तेलाचा हलका हात फिरवा, दात्यांवर पुठ्ठ्याचं आवरण घाला आणि करवत टांगून ठेवा. आपल्या पावसाळ्यात उघडं पोलाद आठवड्यात गंजतं. अशी सांभाळलीत, तर हौशी कामाला एक पातं कित्येक महिने पुरतं. आणि सुतारकाम कुठे चालू असेल, तर पाच मिनिटं उभं राहून बघा. त्या काकांच्या मनगटात जे आहे, ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

माझं बाक आलेलं पातं मी टाकलं नाही. टेबलासमोर भिंतीवर लावलंय, तीन दाते कमी असलेलं. सबमिशन अडलं, प्रोजेक्टमधला मित्र ऐकेना, घरी कुणाशी वाजलं, की त्याच्याकडे नजर जाते. अडकलंय ना? मग आधी हात सैल कर. नव्या पात्याने तोच पलंगाचा पाय दुसऱ्या टोकाकडून, चुंबक फिरवून, हळूहळू कापला. पेनस्टँड झाला. किंचित वाकडा आहे. आजी रोज त्यात चष्मा ठेवते.